एकदा बुडालेलं वेल्डिंग मशीन दर पावसाळ्यात बॉडीला करंट का देतं

मे महिन्यापर्यंत मशीन व्यवस्थित चालतं. पावसाने जोर धरला की कुरकुर सुरू होते. ज्यांच्या गाळ्यात ईएलसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) आहे त्यांचा ईएलसीबी पडतो. ज्यांच्याकडे नाही, तिथे करंट कमी-जास्त करायला हँडलला हात लावणाऱ्या पोराला झटका बसतो. मग झाकण उघडायचं, ब्लोअर मारायचा, दोन दिवस आत बल्ब लावून ठेवायचे, की मशीन पुन्हा चालू. गणपती गेले, ऊन पडलं की सगळे विसरतात, आणि पुढच्या आषाढात तेच मशीन तीच तक्रार घेऊन परत येतं.

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत माझा दुरुस्तीचा गाळा आहे. असं मशीन टेम्पोतून उतरलं की मी झाकणाला हात लावायच्या आधी विचारतो, हे कधी पाण्यात बुडालं होतं का? बुडालं असेल तर पाणी कुठून आलं होतं, डोंगराकडून की खाडीकडून? हा प्रश्न सुचायला मला तीन पावसाळे लागले. तुमचे लागू नयेत म्हणून हे लिहितोय.

सांगतोय ते जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनबद्दल. दोन फेजवर, 415 व्होल्टवर चालणारं, 300 ते 400 अँपिअरचं, हँडल फिरवलं की आतला गाभा सरकतो ते. ही मशीन चिवट असतात. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी बुडालेली काही मशीन आजही रॉड जाळतायत. त्यामुळे पाणी शिरलं म्हणून भंगारात द्यायची घाई नको. अर्धवट दुरुस्तीवर चालवायचीही नको.

दोन मशीन, दोन पाणी

ऐरोलीला खाडीच्या अंगाला शेड असलेल्या एका फॅब्रिकेटरचं मशीन एका पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात चार तास उभं होतं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले होते. त्याच आठवड्यात पावण्याहून दुसरं मशीन आलं. ते त्याहून वाईट बुडालेलं, पार वरच्या जाळीपर्यंत, पारसिकच्या डोंगरावरून येणाऱ्या नाल्याच्या पाण्यात. कॉइलच्या फटींत लाल माती अडकलेली. मी दोन्ही मशीन शेजारी शेजारी ठेवून सारखीच वाळवली, सारखीच तपासली आणि पाठवून दिली.

पावण्याचं मशीन पुन्हा कधी आलं नाही. ऐरोलीचं पुढच्या जुलैत आलं. वाळवून दिलं. त्याच्या पुढच्या जुलैत परत. तिसऱ्यांदा तो फॅब्रिकेटर शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही दरवेळी पैसे कमी घेता, पण माझा पोरगा आता या मशीनला हात लावायला घाबरतो." त्या रात्री मी झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात कॉइल इंच इंच बघितली. खालच्या कॉइलवर सुती पट्टी गुंडाळलेली असते, तिच्या कडेला पांढरी, बारीक रवाळ किनार दिसली. नखाने खरवडली तर बोटाला ओलसर लागली. मशीन दोन दिवस बल्बखाली होतं, तरी ओलसर!

ते खाडीचं मीठ होतं. खरा गुन्हेगार तोच आहे. पाणी त्याला आत आणून सोडतं आणि वाळून निघून जातं.

मीठ हवेतली ओल ओढतं हे घरात मिठाच्या बरणीवरून सगळ्यांना माहीत आहे. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की पाझरायला लागतं. समुद्राच्या पाण्यात नुसतं साधं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80-90 टक्के सहज असते. म्हणजे मशीन तुम्ही कितीही वाळवा, आत मीठ राहिलं असेल तर ते रोज रात्री स्वतःच स्वतःला ओलं करून घेतं, आणि मिठाचं पाणी म्हणजे चांगला वाहक. वाइंडिंगपासून बॉडीपर्यंत त्याची बारीक वाट तयार होते. एप्रिलमध्ये मेगरवर (इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणाऱ्या मीटरवर) 50 मेगओहम दाखवणारं मशीन जुलैत पार खाली येतं, याचं कारण हे.

आता भूगोल बघा. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा डोंगर आणि ठाणे-बेलापूर रोड यांच्यामध्ये आहे, तिथे शिरणारं पाणी बहुतेक डोंगराचं, गोडं आणि मातीचं. रोडच्या पलीकडे खाडीकडे गेलात की जमीन खाली जाते. काही भाग भरतीच्या पातळीच्याही खाली आहे, म्हणून तर सिडकोने तिथे धारण तलाव बांधले. तिथलं पाणी मचूळ. कळवा, कोलशेत, बाळकुम या ठाण्याच्या खाडीकाठच्या शेडनाही हेच लागू. एमआयडीसीतल्या नाल्याच्या पाण्यात मीठ नसलं तरी कारखान्यांची रसायनं असू शकतात, म्हणून तेही पूर्ण निर्धास्त मानू नका.

आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा

मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. पुष्कळ मशीनमध्ये पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर असतो. वायर काढली तरी त्यात चार्ज राहतो, तेव्हा आधी तो रेझिस्टरने किंवा सिरीज बल्बने उतरवा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा, मग सोडवून बाजूला ठेवा. तो लावलेला ठेवून मेगर मारलात तर आकडाही खोटा येतो.

मग एकेक भाग वेगळा करा. इनपुट केबल मशीनपासून सोडवून केबल एकटीच मेगरने तपासा. पाण्यात पडलेली केबल टोकाकडून पाणी शोषते, ते तारांच्या मधून दिव्याच्या वातीसारखं मीटरभर आत चढतं. निम्मी मशीन विनाकारण उघडली जातात आणि दोष केबलमध्ये निघतो. केबल खराब असेल तर दोन मीटर कापून पुन्हा तपासा. आत तांबं हिरवं किंवा काळं दिसलं तर आणखी कापा.

त्यानंतर टर्मिनल बोर्ड. जुन्या मशीनमध्ये तो हायलम (रेझिनमध्ये दाबून केलेला कडक पत्रा) किंवा बॅकेलाइटचा असतो. त्याचा वरचा भाग गुळगुळीत, पण कापलेली कड आणि भोकं पाणी पितात. दोन बोल्टच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तिथून करंट वाहून बोर्ड जळलेला आहे. ती रेघ पॉलिश पेपरने घासून भागत नाही, कोळसा आत गेलेला असतो. नवीन बोर्ड कापून घ्या, भोकं पाडल्यावर सगळ्या कडांना वॉर्निश लावा. दोनेकशे रुपयांच्या कामासाठी तीनदा झाकण उघडू नका.

उरली वाइंडिंग. प्रायमरी म्हणजे लाइनकडची कॉइल, सेकंडरी म्हणजे होल्डरकडची. 500 व्होल्टच्या मेगरने तीन मापं घ्या: प्रायमरी ते बॉडी, सेकंडरी ते बॉडी, आणि प्रायमरी ते सेकंडरी. पहिल्या दोन्ही किमान 2.5 मेगओहम हव्यात, तिसरी किमान 5. तिसरीवर तडजोड अजिबात नाही. होल्डरवर 70-80 व्होल्ट येतात असं वेल्डर धरून चालतो. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये गळती झाली तर त्याच्या हातातल्या होल्डरवर लाइनचा व्होल्टेज येऊ शकतो, आणि त्याचे हातमोजे घामाने भिजलेले असतात. मल्टिमीटरवर "ओपन दाखवतंय" म्हणून खूश होऊ नका, मल्टिमीटरच्या जेमतेम काही व्होल्टला ही गळती दिसत नाही.

वाळवण्याच्या आधी धुवा

ग्राहकाला सांगितलं की तो दचकतो. पाण्याने बिघडलेलं मशीन पुन्हा पाण्याने धुवायचं? हो. मीठ उष्णतेने उडून जात नाही, पाण्यातच विरघळून निघतं. आणि जितक्या लवकर धुवाल तितकं बरं. आज मशीन खाडीच्या पाण्यात बुडालं आणि मेकॅनिक परवा येणार असेल तर मधल्या काळात ते उन्हात वाळवू नका. एकदा वाळलं की मिठाचे कण कागदाच्या आणि सुताच्या आत घट्ट बसतात. फॅन, कपॅसिटर आणि कंट्रोल वायरिंग सोडवा आणि नळाचं पाणी मारून मशीन ओलंच ठेवा.

धुण्यासाठी साधा होज पाइप पुरतो. प्रेशर वॉशर कॉइलवर अजिबात नको, कागद फाटतो. मातकट मशीन असेल तर पहिल्या पाण्यात थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश, मग भरपूर साधं पाणी. पेट्रोल आणि थिनर नको: आग लागते ते वेगळंच, जुनं वॉर्निशही सुटतं आणि मीठ तर त्यात विरघळतच नाही. पूर्वी सीटीसीने (कार्बन टेट्राक्लोराइडने) धुवायचे, त्याची वाफ लिव्हरला घातक आहे. कुठे जुना कॅन सापडला तरी वापरू नका.

किती धुवायचं हे डोळ्यांनी कळत नाही. मी घरातल्या पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असतो तो पेनसारखा टीडीएस मीटर वापरतो, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो दाखवतो. आधी नळाचं पाणी मोजायचं. मग मशीनच्या खालून निथळणारं पाणी वाटीत धरून मोजायचं. ऐरोलीच्या त्या मशीनच्या वेळी नळाला मोरबे धरणाचं पाणी होतं, मीटरवर 68. कॉइलखालून आलेली पहिली वाटी हजाराच्या पार गेली. तीन वर्षं झाली होती बुडून, आणि दरम्यान मी ते दोनदा "दुरुस्त" करून दिलेलं होतं. अर्धा तास पाणी, मग अर्धा तास नुसतं निथळत ठेवायचं म्हणजे आतलं मीठ बाहेर यायला वेळ मिळतो, पुन्हा पाणी. संध्याकाळपर्यंत 300, दुसऱ्या दिवशी दुपारी 90. तिथे थांबलो.

धुताना लाकडी पाचर विसरू नका. जुन्या मशीनमध्ये कॉइल घट्ट बसवायला लाकडाचे ठोकळे असतात. ते खारं पाणी पोटात ठेवतात आणि महिनोन्‌महिने सोडत नाहीत. मी ते काढून टाकतो आणि हायलमच्या पट्ट्या बसवतो. वॉर्निश पाजलेलं चांगलं कोरडं सागवान असेल तरी चालेल, पण बुडालेलं लाकूड परत नको.

वाळवणं

प्लायवूडचं खोकं किंवा जुन्या कपाटाचं कवच घ्या. खाली 500 वॅटचे दोन हॅलोजन, कॉइलपासून वीतभर तरी लांब, आणि वरच्या बाजूला वाफ बाहेर जायला चार-पाच भोकं. भोकं नसतील तर तुम्ही मशीन वाळवत नाही, उकडता. तापमान हळूहळू चढवा, तासाला दहा अंश पुरे, आणि 80-90 अंशांच्या वर नेऊ नका. जुनं सुती-कागदी इन्सुलेशन त्यापुढे करपायला लागतं, आणि पाणी आतल्या आत उकळलं तर थर फुगतात. थर्मामीटर कॉइलला टेकवून ठेवा, हवेत नको. रात्री कोणी जागं नसेल तर हॅलोजन बंद.

दर चार तासांनी मेगर. इथे नवीन माणूस घाबरतो, कारण तापायला लागल्यावर आकडा आधी खाली जातो. जाऊ द्या. आतली ओल पसरत असते, शिवाय तापलेल्या इन्सुलेशनचा आकडा थंडपेक्षा कमीच येतो; ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना निम्मा. मग काही तासांनी तो चढायला लागतो आणि एका जागी टेकतो. लागोपाठ तीन मापं सारखी आली की वाळलं. त्या मशीनला 31 तास लागले.

आकडा चढून पुन्हा घसरतोय, किंवा दोनदा धुऊन-वाळवूनही मेगओहमच्या आत अडकलाय, असं असेल तर कागद कुजलेला आहे. मग रिवाइंडिंगच. तिथे वॉर्निश मारून वेळ मारून नेणं मला मान्य नाही. रिवाइंडिंग करताना फायबरग्लास गुंडाळलेली पट्टी घ्या, ती कागदासारखी पाणी पीत नाही.

कॉइल हाताला सोसेल इतकी गरम असताना हवेत सुकणारं इन्सुलेटिंग वॉर्निश ओता, ब्रशने नुसतं वरून फासू नका. गरम कॉइल थंड होताना ते आत ओढून घेते. ऑइल पेंट इन्सुलेशन नाही, तो चालणार नाही. आणि वॉर्निश ओलं असताना हॅलोजन पेटवू नका, त्याची वाफ भडकते. मोकळ्या हवेत पूर्ण दिवस सुकू द्या.

पहिल्यांदा वीज देताना

थेट 415 नको. कपॅसिटर अजून सुटलेलाच ठेवा, सेकंडरी मोकळी ठेवा आणि एका फेजवर, 1000 वॅटचा हॅलोजन सिरीजमध्ये घालून द्या. हॅलोजन मंद लागला तर ठीक; भगभगीत पेटला तर आत वेढ्याला वेढा शॉर्ट आहे, हे मेगर दाखवत नाही. नंतर 415 वर तासभर रिकामं चालवा, बाहेरचा व्होल्टेज 70-80 येतो का बघा, गुणगुण नेहमीची आहे का ऐका, मग रॉड लावा. कपॅसिटर बुडालेला असेल तर नवीनच घाला.

आता अर्थिंगबद्दल, आणि हे हात जोडून सांगतो. आपल्या धंद्यात "अर्थ" या एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलतात. जॉबला लावतो त्या पकडीच्या केबललाही आपण अर्थ म्हणतो आणि मशीनच्या बॉडीपासून जमिनीत जाते त्या वायरलाही. "अर्थ लावलेला आहे ना?" विचारलं की "हो, लावलाय" म्हणून पकड दाखवतात. ती पकड बॉडीचा झटका अडवत नाही. बॉडीच्या बोल्टपासून अर्थिंग पिटपर्यंत वेगळी, सलग वायर हवी, आणि बोल्टखालचा रंग घासून काढलेला हवा. मी अशा शेड पाहिल्या आहेत जिथे ईएलसीबी सारखा पडतो म्हणून बॉडीची वायरच काढून टाकली होती. ईएलसीबी पडायचा थांबतो, पण गळती तशीच राहते आणि जमिनीत जायला आता माणसाच्या शरीरातून वाट शोधते. पावसात, ओल्या फरशीवर, गुडघ्यावर बसून वेल्डिंग करणारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा डोळ्यांसमोर आणा आणि ती वायर आजच परत लावा.

तेलाचं मशीन असेल तर प्रकरण निराळं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं. खालच्या प्लगमधून आधी पाणी, मग तेल काढा. तेल नुसतं नितळ दिसलं म्हणून चांगलं समजू नका, विरघळलेली ओल दिसत नाही. फिल्टर करून बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) तपासून घ्या किंवा नवीन भरा, आणि रिकाम्या टाकीच्या तळातला गाळ हाताने पुसून काढा. रेक्टिफायर मशीनमध्ये मेगर मारण्याआधी डायोड आणि कंट्रोल कार्ड सोडवा, नाहीतर मेगरच ते उडवेल. इन्व्हर्टर मशीनच्या आत 300 व्होल्टच्या वर चार्ज धरणारे कपॅसिटर असतात, त्याला हा लेख वाचून हात घालू नका.

आणि मशीन दुरुस्त होऊनही वेल्डवर बारीक भोकं पडत असतील तर मशीनला दोष देण्याआधी रॉडचा डबा बघा. त्याच पुरात तोही भिजलेला असतो. 7018 (लो-हायड्रोजन) रॉड पाण्यात भिजला असेल तर टाकून द्या. नुसता हवेने सर्दावला असेल तर 300-350 अंशांना तास-दोन तास भाजून चालतो.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी पेंट मार्करने तारीख आणि मेगरचे तीन आकडे लिहितो. मेमध्ये एकदा आणि ऐन श्रावणात एकदा. खरी परीक्षा श्रावणातलीच. ऐरोलीच्या मशीनच्या झाकणावर आता चार वर्षांच्या आठ ओळी झाल्या आहेत. यंदाच्या श्रावणातली ओळ त्या फॅब्रिकेटरच्या पोराने स्वतः माप घेऊन लिहिली: प्रायमरी-बॉडी 42, सेकंडरी-बॉडी 60, प्रायमरी-सेकंडरी 85.